ओटीचा खण आणि दंडाचे लुगडे

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातील एक नवी सून चौकड्याच्या सुती साडीवर बारीक बुट्टीच्या खणाचा ब्लाऊज घालून आली होती. साडीचा रंग एक, ब्लाऊजचा दुसरा. एका नक्षीचा दुसरीशी काही संबंध नाही, आणि तरीही ते सारे तिला शोभून दिसत होते. 'ही नवी फॅशन निघाली आहे,' असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक वयस्क काकू हसून म्हणाल्या, 'नवी कायची वं बाई? आमच्या वक्ती साऱ्याच अशा नेसत.' काकूंच्या त्या एका वाक्यावरून हा लेख लिहिण्याचे मनात आले.

भगिनींनो, काकूंचे म्हणणे अगदी खरे आहे. नऊवारी लुगडे आणि चोळी यांची जोडी जुळवून घेण्याची चाल आपल्याकडे नव्हती, आणि त्याचे कारण फार साधे आहे. लुगडे घरात एका वाटेने येई आणि चोळीचा खण दुसऱ्या वाटेने. लुगडे बाजारातून विकत घेतलेले असे, किंवा भाऊबीजेला माहेरून आलेले असे. खण मात्र ओटीतून येई. लग्नकार्य असो, डोहाळजेवण असो की लेक सासरी निघालेली असो, खणानारळाने ओटी भरल्यावाचून सवाष्णीला निरोप नाही. अशा रीतीने दहा घरचे दहा खण पेटीत साठत. ते देणारीने आपल्या ऐपतीप्रमाणे निवडलेले. घेणारीचे लुगडे कोणत्या रंगाचे आहे हे तिने पाहावे तरी कशाला? मग त्या दहा खणांतून आपल्या दोनतीन लुगड्यांवर कोणता उठून दिसेल, हे ज्या त्या बाईने आपल्या डोळ्यांनी ठरवावे.

हे ठरवण्याला कापडाच्या विणीचीही मदत होई. लुगड्याचे अंग बहुधा साधे, रेघांचे किंवा चौकड्याचे, आणि सारी शोभा काठापदरात. खणाचे अंग मात्र बारीक नक्षीने भरलेले. कर्नाटकातील गुळेदगुड्ड हे गाव या खणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतात, आणि चोळी शिवताना ते बाह्यांच्या कडेला येतात. मोठा चौकडा आणि बारीक बुट्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

खणाच्या जोडीला रोजच्या वापरात छिटाची चोळी आली, आणि तिच्यामागे आपल्या वऱ्हाडचाच इतिहास उभा आहे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि साऱ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. १८६७ साली आगगाडी अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. १८७० साली खामगावचा फाटा झाला. अमरावतीच्या नावावरून आपल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत. त्याच गाडीने परतीच्या वाटेवर मँचेस्टरचे यंत्रावर छापलेले स्वस्त छीट येऊ लागले. एके काळी हिंदुस्थानच्या छिटाची इंग्लंडमध्ये इतकी आवड होती, की तेथल्या विणकरांच्या बचावासाठी १७२१ साली पार्लमेंटला त्याविरुद्ध कायदा करावा लागला होता. दीडशे वर्षांत चक्र असे उलटे फिरले, आणि त्याचा घाव आपल्या कोष्टी बांधवांच्या मागांवर बसला.

आता जी गोष्ट सांगावयाची ती थोडी दुखरी आहे. ज्या वऱ्हाडाने जगाला कापूस पुरवला, त्या वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर अखंड लुगडे असेच असे नाही. नऊवारी लुगडे मध्यभागी आधी विरते. तो विरलेला भाग कापून दोन्ही शाबूत टोके एकमेकांना शिवावयाची, याला दंड घालणे म्हणतात. एका लुगड्याने भागले नाही, तर दुसऱ्या जुन्या लुगड्याचा तुकडा जोडावयाचा. मग अर्धे लुगडे चौकड्याचे तर अर्धे रेघांचे. त्यातही चांगला पदर वर दिसेल आणि शिवण निऱ्यांत लपेल, याची काळजी घेतली जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आले, तेव्हा बऱ्या खात्यापित्या घरांतही दंडाची लुगडी नेसली गेली. त्यापुढे तुकडे उरले, की त्यांची वाकळ. नाना नक्ष्यांचे ते तुकडे एकत्र नांदवणारी सुई हीच आपल्या बायकांची चित्रकला होती.

पुढे दिवस पालटले. पाचवारी पातळे आली, चोळीच्या जागी झंपर व ब्लाऊज आले, दुकानांतून रंगास रंग लावून मॅचिंगचे कापड मिळू लागले. सोय झाली यात शंका नाही. परंतु त्याबरोबर एक नवी लाजही आली. जुळत नाही ते गरिबीचे, असे आपण समजू लागलो. मी स्वतः त्यातून सुटले नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला माझी आई दंडाच्या लुगड्यावर लाल खणाची चोळी घालून आली होती. मैत्रिणींच्या आया गोल पातळात, मॅचिंग ब्लाऊजमध्ये. मी आईजवळ जाऊन बसले नाही. घरी येताना ती काही बोलली नाही. तिने तो खण धुऊन, घडी करून पेटीत ठेवला, आणि आज तो माझ्या पेटीत आहे.

अकोल्याच्या सावतराम मिलचा आणि अचलपूरच्या विदर्भ मिलचा भोंगा आता ऐकू येत नाही. खणाचे मात्र पुन्हा दिवस आले आहेत. त्याच्या साड्यासुद्धा निघाल्या. मुली आनंदाने चौकड्यावर बुट्टी आणि रेघेवर फूल घालतात, आणि ते पाहून मन प्रसन्न होते. एवढेच वाटते, की ही आवड त्यांना दुकानातून मिळाली असे त्यांनी समजू नये. ती ओटीतून आली आहे, आणि काही घरांत दंडाच्या शिवणीतून आली आहे.

म्हणून या वर्धापनदिनानिमित्त एक विनंती करते. प्रत्येकीने आपल्या घरातील जुनी पेटी एकदा उघडावी. एखादा खण, लुगड्याचा काठ, वाकळेचा तुकडा सापडला, तर तो कोणाच्या हातचा, कोणत्या प्रसंगाचा, हे घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून कागदावर लिहून ठेवावे. सांगणाऱ्या आहेत तोवरच हे होणार आहे. पुढच्या हळदीकुंकवाला ते सारे एकत्र मांडू. मी आईचा लाल खण घेऊन येईन.