मुलांचं ऐकायचं शिक्षण

गेल्या वर्षी बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, लहान मुलांच्या मनाचा डॉक्टर व्हायचं तर कुठं शिकावं लागतं?" आमची टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली. इथे डॉक्टर म्हणजे इंजेक्शन. मी तिला मानसोपचाराचे कोर्स सांगितले, पण 'मनोविश्लेषण' हा शब्द तिने कुठंतरी वाचला होता. मग मीही वाचत गेलो. जे हाती लागलं ते मजेशीर आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

ही विद्या ज्या दोघींच्या नावाने ओळखली जाते, त्या दोघीही डॉक्टर नव्हत्या! ॲना फ्रॉइड व्हिएन्नात चक्क शाळेत शिकवायची. मेलनी क्लाइनला डॉक्टर व्हायचं होतं, पण एकविसाव्या वर्षी लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. (आपल्याकडच्या किती जणींची ही गोष्ट!) १९२६ साली तर खुद्द सिग्मंड फ्रॉइडने पुस्तक लिहून सांगितलं, की या कामाला वैद्यकीची पदवी लागतेच असं नाही.

मग लागतं काय? १९२० साली बर्लिनमध्ये दवाखाना सुरू झाला आणि तिथे तीन गोष्टी ठरत गेल्या: आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, मग जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे, आणि सोबत अभ्यासवर्ग. आजही साचा तोच आहे.

पण मूल काही कोचावर पडून बोलत नाही. क्लाइन म्हणाली, खेळ हेच त्याचं बोलणं. ती प्रत्येक मुलाची छोटी खेळणी वेगळ्या खणात कुलपात ठेवायची. ॲनाचं म्हणणं वेगळं. मूल अजून आईबापांवरच अवलंबून आहे, तेव्हा आधी त्याचा विश्वास मिळवा, घरच्यांनाही सोबत घ्या. या वादावरून १९४१ ते १९४५, म्हणजे ऐन महायुद्धात, लंडनमध्ये सभांवर सभा झाल्या. शेवटी प्रशिक्षणाच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्याच काळात ॲना युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होती. तिथे काम करणाऱ्या तरुण मुलींना ती मुलांच्या नोंदी ठेवायला शिकवायची. त्यातूनच १९४७ चा रीतसर कोर्स उभा राहिला. १९४८ साली टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एस्थर बिकने आणखी एक पद्धत आणली. शिकणाऱ्याने जन्मलेल्या बाळाच्या घरी आठवड्यातून एक तास जायचं, दोन वर्षं. तिथे काही लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. नुसतं बघायचं आणि घरी येऊन लिहायचं.

आपल्याकडे काय? १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. त्याच वर्षी ॲना व्हिएन्नाच्या संस्थेची सभासद झाली. म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो. मुंबईत १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचं टाटा विद्यालय सुरू झालं आणि १९३७ मध्ये त्याने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. पुढे इटलीतल्या वंशवादी कायद्यांमुळे देश सोडलेला एमिलिओ सर्व्हादिओ हा विश्लेषक मुंबईत राहिला, आणि मुंबईतही या विचाराची माणसं जमली.

त्या वेळी आम्ही निजामाच्या राज्यात होतो. पण आज तरी काय? स्वतःचं विश्लेषण म्हणजे आठवड्यातून चार-पाच तास, काही वर्षं, आणि तेही बहुधा मोठ्या शहरात. शेतकऱ्याच्या पोरीने ते करायचं कसं? आणि गरज तर इथेच आहे. मराठवाड्यात बाप आत्महत्या करून गेलेली मुलं वर्गात बसतात. ती रडत नाहीत, नुसती गप्प होतात. आम्ही मास्तर हजेरी घेऊन पुढे जातो.

मास्तराने विश्लेषक बनू नये, तो अर्धवटपणा मुलांना महागात पडेल. पण बिकबाईंचा तो एक तास शिक्षकांच्या प्रशिक्षणात यायला काय हरकत आहे? एकाच मुलाकडे, वर्षभर, उपदेश न करता पाहायचं. कोणाला खरी मदत हवी आहे हे निदान लक्षात तरी येईल. ज्या विद्येची सुरुवात एका शाळामास्तरणीने आणि पाळणाघरातल्या मुलींनी केली, ती शाळेच्या दाराशी आली तर तिला परकं वाटू नये.