खिशातली चार अक्षरे

जिल्हा परिषदेच्या शाळेत विशेष शिक्षक आले की त्यांना हमखास ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, ‘आयईपी भरून झाले का?’ आयईपी म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, प्रत्येक दिव्यांग मुलाचा वेगळा. मूल आज काय करू शकते, वर्षभरात ते कुठवर जावे, त्यासाठी शाळेत कोण काय करणार आणि ते जमले की नाही हे कधी पाहायचे, एवढे त्यात लिहायचे असते. प्रश्नातले ‘भरून’ हे क्रियापद मला नेहमी टोचते. अर्ज भरतात, तक्ते भरतात. या कागदाचा जन्म मात्र भरण्यासाठी झालेला नाही.

त्याचे सगळ्यांत जुने रूप शोधत गेलो की पॅरिसला पोहोचतो. 1800 च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात जंगलातून साधारण बारा वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. त्याला बोलता येत नव्हते. त्या काळचे मोठे वैद्य पिनेल यांनी त्याला तपासून तो सुधारण्यापलीकडचा ठरवला. मूकबधिरांच्या संस्थेतल्या झां इतार या पंचविशीतल्या डॉक्टरला ते पटले नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले, गेरँ नावाच्या बाईंकडे त्याचा सांभाळ सोपवला आणि 1801 च्या अहवालात या एका मुलासाठी पाच उद्दिष्टे मांडली: माणसांत राहणे त्याला सुखाचे वाटावे, त्याची संवेदना जागी व्हावी, त्याच्या विचारांचा आणि गरजांचा परीघ वाढावा, त्याने बोलावे, रोजच्या गरजेच्या वस्तूंवर त्याची बुद्धी चालावी. प्रत्येक उद्दिष्टाखाली काय केले आणि काय झाले याची नोंद आहे. आजच्या आराखड्याचे रकाने यापेक्षा फारसे वेगळे नाहीत.

त्याच अहवालातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. फ्रेंचमध्ये दुधाला ‘ले’ म्हणतात, लिहायला मात्र त्याला चार अक्षरे लागतात. इतारने सुट्या अक्षरांनी तो शब्द जुळवायला व्हिक्टरला शिकवले होते. व्हिक्टर रोज संध्याकाळी वेधशाळेकडच्या एका घरी दूध प्यायला जात असे. एके दिवशी निघताना त्याने ती चार अक्षरे आपणहून खिशात टाकली आणि त्या घरी पोहोचताच टेबलावर मांडून दूध मागितले. असे कर म्हणून त्याला कुणी सांगितले नव्हते. इतारच्या उद्दिष्टांतही ते नव्हते. पुढे व्हिक्टर बोलू शकला नाही म्हणून इतारने तो प्रयोग सोडला. त्यानंतर व्हिक्टरला 1828 पर्यंत सांभाळले ते गेरँबाईंनी. पहिल्याच आराखड्यात घरची बाई होती आणि सगळ्यांत जास्त काळ तीच टिकली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

इतारचा शिष्य सेगँ. या दोघांची पुस्तके मारिया माँटेसोरींनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली आणि मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी घडवलेली साधने 1907 मध्ये रोमच्या साध्या वस्तीतल्या बालकांपुढे ठेवली. तीच विद्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी आणि कोसबाडला आली. आपल्या बालवाडीत मूल बोटाने गिरवते त्या खरखरीत अक्षरांचे मूळ त्या दूध मागणाऱ्या मुलापाशी जाते. विशेष मुलांसाठी शोधलेले सगळ्यांच्या उपयोगी पडले. ज्यांच्यासाठी शोधले ती मुले मात्र पुढची कितीतरी दशके साध्या शाळेच्या दाराबाहेरच राहिली.

ते दार कुणी दयेने उघडले नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याने, ज्या मुलाचे मानसिक वय पाच वर्षांपर्यंत पोहोचलेले नाही त्याला शाळा प्रवेश नाकारू शकत होती. 1971 मध्ये तिथल्या पालकांची संघटना कोर्टात गेली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा 1954 चा निकाल या पालकांनी हाती धरला: शिक्षण जर सगळ्यांना सारखे द्यायचे, तर आमचे मूल ‘सगळ्यां’त का नाही? पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये सात मुलांच्या वतीने तसाच दावा निकाली निघाला. शाळा-प्रशासनाचे म्हणणे होते की पैसा नाही. न्यायाधीश वॉडी यांनी ते मानले नाही. पैसा कमी असेल तर तो असा वाटा की एकही मूल पूर्णपणे वगळले जाणार नाही. टंचाईचा भार दिव्यांग मुलांवरच जास्त पडता कामा नये, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याकडे ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळालेल्या प्रत्येक आईपर्यंत हा निकाल पोहोचवावा असे मला फार वाटते.

या दाव्यांतून 29 नोव्हेंबर 1975 चा कायदा आला आणि आयईपी हे नावही. त्या वेळी अमेरिकी काँग्रेसने नोंदवले होते की देशात 80 लाखांहून अधिक दिव्यांग मुले आहेत, त्यांतल्या निम्म्यांहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि 10 लाख मुले सार्वजनिक शाळेबाहेरच आहेत. कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलाचा लेखी आराखडा सक्तीचा केला. तो एका बैठकीत ठरायचा, त्या बैठकीत शिक्षक आणि शाळेच्या प्रतिनिधीच्या जोडीला पालक हवेत, शक्य असेल तिथे मूलही. वर्षातून निदान एकदा तो पुन्हा पाहायचा. मुख्य म्हणजे पालकांना तो पटला नाही तर दाद मागता येते. म्हणून मी त्याला करार समजतो. मुलात काय कमी आहे याचा दाखला डॉक्टर देतो. आराखड्यात, शाळा काय देणे लागते ते येते.

ते देणे नेमके किती, यावरही भांडणे झाली. एमी रॉली या कर्णबधिर मुलीच्या पालकांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला. ती पास होते आहे, तेव्हा तिला लाभ मिळतोच आहे, असे म्हणत 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. ‘काहीतरी लाभ’ या पायरीच्या वर चढायला अमेरिकेला 35 वर्षे लागली. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने ठरवले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी आणि पुरेशी महत्त्वाकांक्षी प्रगती आराखड्यात हवी.

इंग्लंडमध्ये हाच कागद वेगळ्या वाटेने गेला. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने 1978 मध्ये मुलांचे व्यंगावरून पाडलेले वर्ग मोडावेत आणि ‘विशेष शैक्षणिक गरजा’ म्हणावे असे सुचवले. दर पाचांतल्या एका मुलाला शालेय आयुष्यात कधी ना कधी अशी गरज पडेल, असा त्यांचा अंदाज होता. मग या गरजांबद्दलच्या 1994 च्या सरकारी संहितेने प्रत्येक शाळेत या कामाचा एक समन्वयक नेमला. त्यांना तिथे ‘सेन्को’ म्हणतात. प्राथमिक शाळेत हा सेन्को बहुतेकदा स्वतःचा वर्ग सांभाळणारा शिक्षकच. आराखडे त्याच्या टेबलावर साचत गेले. 2001 च्या सुधारित संहितेला सांगावे लागले की थोडक्यात लिहा, तीन-चारच उद्दिष्टे ठेवा. 2014 च्या संहितेत तर आयईपीची सक्तीच उरली नाही. पाहा, ठरवा, करा, परत पाहा, एवढे चक्र ठेवले गेले.

आपल्याकडे सामान्य शाळेत दिव्यांग मुलांना घेण्याची केंद्र सरकारची योजना 1974 ची, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याच्या एक वर्ष आधीची. ती सुरू झाली समाजकल्याण खात्यात आणि शिक्षण खात्याकडे आली 1982 मध्ये. या आठ वर्षांनी बरेच काही ठरवून टाकले असे मला वाटते, कारण कल्याणाची सवय अजून सुटलेली नाही. 1987 मध्ये युनिसेफच्या मदतीने निवडक गटांत असाच एक प्रकल्प झाला, दिव्यांगांसाठीचा 1995 चा कायदा आला, सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला नकार नाही असे सांगितले आणि मुलामागे वर्षाला 1200 रुपये ठेवले. ‘समग्र शिक्षा’ या पुढच्या योजनेत ते 3500 झाले. आराखडा आला तो या योजनांच्या मार्गदर्शक सूचनांतून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळेने आधार द्यावा असे आहे, पण तो ‘वैयक्तिक किंवा अन्यथा’. आराखड्याचे नाव नाही, बैठक नाही, पालकाची खुर्ची नाही. कागद समुद्र ओलांडून आला, त्याच्याबरोबरचा दावा मात्र मागेच राहिला.

म्हणून तो एकट्या विशेष शिक्षकाच्या अंगावर पडतो. गटसाधन केंद्रातून निघायचे, आज या शाळेत, उद्या त्या वाडीवर, आणि अनेकांचे काम कंत्राटी. 2021 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण ठरवायला सांगितले आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असे ते ठरवले. तसे झाले तर कुणाला रात्री बसून मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून उतरवावा लागणार नाही. ‘विद्यार्थी 1 ते 20 अंक लिहील’ हे वाक्य किती मुलांच्या कागदावर तसेच्या तसे असते! हेच मूल आईने पाठवले की दुकानातून मीठ आणि उरलेले पैसे बरोबर आणते, हे त्या शिक्षकाला कळायला जागाच नसते. कळले असते, तर गणिताचा आराखडा तिथून सुरू झाला असता.

हे सांगणारी व्यक्ती बहुधा कापूस वेचायला गेलेली असते. बैठकीची वेळ सकाळी अकराची आणि शाळेत यायचे तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. मग वही घरी जाते आणि सहीच्या जागी अंगठा घेऊन परत येते. बैठक संध्याकाळी सहाला, तिच्याच ओट्यावर घ्यायला काय हरकत आहे? तिथे मूलही असेल. विशेष शिक्षकांना यायला जमेल तो दिवस धरायचा, वर्गशिक्षकांनी बरोबर जायचे, आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ आई सांगेल ती लिहायची.