हवेंतील नत्र आणि विजेची वाट

यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत, बोरी अरबच्या परिसरांत म्हणा किंवा अन्यत्र, कपाशींत तुरीच्या ओळी घालण्याची चाल जुनी आहे. तुरीच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतला नत्रवायु घेऊन त्याचा अमोनिया करतात. त्यांस ना भट्टी लागते, ना दाब. कपाशीसाठीं मात्र युरियाचें पोतें विकत आणावें लागतें. जंतूंची ही करणी विजेच्या साहाय्यानें मनुष्यास साधेल काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो; आणि तो दिसतो तितका नवाहि नाहीं.

१८९८ सालीं विल्यम क्रुक्स यांनीं ब्रिस्टल येथें बजावलें कीं, चिलीचा सोरा सरला म्हणजे गव्हाच्या पिकास हवेंतल्या नत्राचाच आधार राहील. पहिलें मोठें उत्तर विजेनेंच दिलें. १९०५ पासून नॉर्वेंत बर्कलंड व आइड यांच्या रीतीनें विजेच्या ज्योतींत हवा तापवून नत्राम्ल निघूं लागलें. परंतु त्यास वीज अतोनात लागे. १९०९ त हाबर यांनीं नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडविला, १९१३ त बॉश यांच्या प्रयत्नानें ओपाऊ येथें कारखाना सुरू झाला, आणि लोखंडाचा उत्प्रेरक, प्रखर उष्णता व प्रचंड दाब यांचें राज्य आलें.

वीज पुन्हां आली ती दुय्यम कामास. पंजाबांतील नांगल येथें १९६१ पासून भाक्र्याच्या विजेनें पाण्यांतून हायड्रोजन काढून खत होऊं लागलें. पुढें तीहि रीत सुटली. आज मुंबईंतील ट्रॉम्बे व अलिबागजवळील थळ येथील कारखाने नैसर्गिक वायूवर चालतात, आणि देशास लागणाऱ्या वायूचा बराच भाग परदेशांतून येतो.

आतां संशोधकांस नत्र, पाणी व वीज यांचा मेळ एकाच विद्युत्-घटांत घालावयाचा आहे. अडचण अशी कीं, नत्राच्या अणूंची जोडी सहजासहजीं फुटत नाहीं, आणि हायड्रोजनचे अणु तिच्याशीं न जुळतां आपसांतच जुळून वायुरूपानें निघून जातात. मिळणारा अमोनिया इतका थोडा, कीं प्रयोगशाळेच्या हवेंतला किंवा श्वासांतला अमोनियाहि यश म्हणून मोजला जाण्याची भीति. म्हणून २०१९ त कांहीं शास्त्रज्ञांनीं जड नत्र, म्हणजे नत्र-१५, वापरून खात्री करून घेण्याचा दंडक मांडला. लिथियम धातूची रीत त्या कसोटीस उतरली. पण तिलाहि वीज फार लागते.

नॉर्वेची वाट बंद पडली ती नत्र हातीं आला नाहीं म्हणून नव्हे, तर विजेच्या खर्चामुळें. यास्तव कोणत्याहि नव्या उत्प्रेरकाविषयीं आम्ही दोनच प्रश्न विचारूं: अमोनिया खरोखर हवेंतल्या नत्राचाच आहे काय, आणि किलोमागें वीज किती लागली? उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर प्रचंड दाबाचीं यंत्रें न लागणारा लहान कारखाना तालुक्याच्या गांवींहि चालूं शकेल, आणि बोरी अरबच्या शेतकऱ्यास खतासाठीं दूरदेशींच्या वायूकडे पाहावें लागणार नाहीं.