चूक सिमसिटीची, निस्तरली विंडोजने

परवा नव्या सर्व्हरवर आमचा जुना प्रोग्रॅम कोसळला. "ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, आमचा काय दोष?" असं मी ठणकावून सांगितलं. दोन दिवसांनी चूक आमच्याच कोडमध्ये सापडली. इतकी वर्षं ती नुसती खपून गेली होती! तेव्हा सिमसिटीची गोष्ट आठवली.

सिमसिटी म्हणजे शहर वसवायचा गेम, मूळचा १९८९चा. त्याची विंडोज ३ वरची आवृत्ती छान चालायची. १९९५मध्ये आलेलं विंडोज ९५ तयार होत होतं, तेव्हा मात्र ती चालेना. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी खोदून पाहिलं, तर घोळ गेममध्येच! प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो, काम झालं की परत करतो. हा पठ्ठ्या परत केलेली मेमरी पुन्हा वाचत होता. म्हणजे भाड्याची खोली सोडायची, चावी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिथलंच कपाट उघडायचं! जुन्या विंडोजमध्ये खोली तशीच रिकामी राहायची, म्हणून कुणाला कळलं नाही.

"तुमचा बग, तुम्ही निस्तरा" असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी विंडोज ९५मध्येच खास सोय केली: सिमसिटी चालू असेल तर सोडलेली मेमरीही वापरता येईल. जोएल स्पोल्स्कीने २००४ साली हा किस्सा लिहिला.

असंच आवृत्तीच्या आकड्याचं. "३.१० किंवा पुढची आवृत्ती हवी" हे तपासताना काही प्रोग्रॅम दोन्ही आकडे वेगवेगळे बघायचे. ४.० मधलं शून्य दहापेक्षा लहान, म्हणजे नापास! म्हणून विंडोज ९५ जुन्या प्रोग्रॅम्सना स्वतःची आवृत्ती चक्क ३.९५ सांगायचं.

हा काही परोपकार नव्हता, धंदाच होता. काल चालणारा गेम आज बंद पडला, तर गिऱ्हाईक शिव्या नव्या विंडोजलाच घालणार. मेमरीचे नियम त्याला कशाला माहीत असतील?

अर्थात हे ओझं जन्मभर वाहता येत नाही. ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रॅम्सना दार बंद केलं, आणि २०२१चं विंडोज ११ फक्त ६४-बिटच आलं. आता तो जुना सिमसिटी खेळायचा तर एम्युलेटरमध्ये जुनं विंडोज बसवावं लागतं.

असो. आमचा बग मी दुरुस्त केला. आमच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोण कशाला सोय करणार? पण "आमचा काय दोष" हे वाक्य मात्र आता जपून वापरतो.