दोरूकांठचें तांबडें मद्य

स्पेनमध्यें उगम पावलेली दोरू नदी पोर्तुगालांत शिरते ती एका खोल दरींतून. दोन्ही कांठांवर पाटीसारखे पापुद्रे सुटणारा दगड. माती म्हणून जी आहे ती तो दगड फोडूनच मनुष्यानें तयार केलेली. 'नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक' असें तेथील हवेचें वर्णन तेथलेच लोक करतात. अशा उतारावर पिढ्यान् पिढ्या दगडी बांध रचून पायऱ्यापायऱ्यांचे मळे उठविले गेले, आणि तेथील द्राक्षांचें मद्य पोर्तू बंदराच्या नांवावरून 'पोर्ट' म्हणून जगभर प्रसिद्ध झालें. परंतु याच मळ्यांतून निघणारें दुसरेंहि एक तांबडें मद्य आहे. त्यांत गोडी नाहीं, वरून घातलेली ब्रँडी नाहीं. त्याला लौकिक मिळावयास विसावें शतक अर्धें सरावें लागलें. एवढा विलंब कां झाला, हें पाहूं लागलें म्हणजे दोरूचा सारा इतिहास डोळ्यांपुढें येतो.

इंग्लंड व फ्रान्स यांचें वैर हें या इतिहासाचें मूळ. १७०३ सालच्या मेथ्युएन तहानें पोर्तुगीज मद्यावरील इंग्लंडांतील जकात फ्रेंच मद्यापेक्षां एकतृतीयांशानें कमी झाली. मागणी वाढली, आणि मागणीच्या पाठोपाठ भेसळहि आली. फिकट मद्याला गडद रंग यावा म्हणून एल्डर नांवाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस त्यांत मिसळूं लागले. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि भाव कोसळला.

त्या वेळीं राज्याचीं सूत्रें पुढें मार्किस द पोंबाल म्हणून विख्यात झालेल्या प्रधानाच्या हातीं होतीं. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभारणारा, आणि ज्याच्या अमदानींत १७७४ सालीं गोव्यांतील इन्क्विझिशन प्रथम बंद झालें, तोच हा पोंबाल. त्यानें १० सप्टेंबर १७५६ रोजीं एक सरकारी कंपनी स्थापून तिच्याकडे दोरूच्या मद्याची सर्व देखरेख सोंपविली. उत्तम मद्याच्या मुलुखाची हद्द ठरली व तीवर तीनशेंहून अधिक दगडी खांब रोवले गेले. एल्डरचीं झुडपें उपटून टाकण्याचा हुकूम सुटला. कायद्यानें मद्याचा प्रदेश आंखून त्यावर देखरेख ठेवण्याचें जगांतील हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय. पण त्याची किंमत लहान नव्हती. कंपनीच्या मक्त्याविरुद्ध १७५७ च्या फेब्रुवारींत पोर्तूचे गुत्तेवाले व गोरगरीब दंगा करून उठले, तेव्हां पोंबालनें कित्येकांना फांशीं दिलें.

नांवाचें रक्षण झालें. परंतु पुढें नांव म्हणजेच एक चाकोरी होऊन बसली. मद्य आंबत असतांनाच त्यांत ब्रँडी घातली म्हणजे आंबण्याची क्रिया थांबते, द्राक्षांतील साखर शिल्लक राहते आणि मद्य जड व गोड होतें. एकोणिसाव्या शतकांत हीच रीत रूढ झाली, कारण इंग्लंडांतील गिऱ्हाईक तेंच मागत होतें. या रीतीविरुद्ध उभा राहिला तो एक इंग्रजच. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा पोर्तूचा व्यापारी. यानें दोरू नदीचा तपशीलवार नकाशा काढला होता. ब्रँडीच्या भराविरुद्ध त्यानें १८४४ सालीं एक पुस्तिका छापली. पोर्तुगालच्या राजानें त्याला बॅरन केलें, परंतु व्यापाऱ्यांनीं त्याचें ऐकलें नाहीं. १२ मे १८६१ रोजीं व्हालेइरा येथील धारेंत त्याची होडी उलटली आणि, जिचा नकाशा त्यानें काढला होता, त्याच नदींत तो बुडाला.

त्याच होडींत डोना आंतोनिया फेरैरा या बाई होत्या, त्या वांचल्या. त्यांच्या घेरदार झग्यानें त्यांना तरंगत ठेवलें आणि फॉरेस्टरच्या कमरेच्या नाण्यांच्या कशानें त्याला तळाशीं नेलें, अशी आख्यायिका आहे. १८११ सालीं जन्मलेल्या या बाई ऐन तारुण्यांत विधवा झाल्या, तरी मळ्यांचा व मद्याचा सारा कारभार त्यांनीं स्वतः संभाळला. पुढें अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नामक किडीनें दोरूच्या वेलांचीं मुळें खाऊन टाकलीं. कित्येक उतार कायमचे ओसाड पडले. अमेरिकन मुळांवर कलम बांधण्याचा उपाय निघाला, तो श्रमाचा व खर्चाचा होता. अशा काळांत, १८७७ सालीं, आंतोनियाबाईंनीं नदीच्या वरच्या अंगाला व्हाले मेआंव येथील रानवट जमीन घेऊन नवी लागवड आरंभिली. तो मुलूख पोंबालच्या खांबांच्या फार पलीकडचा. व्हालेइराचा खडक फोडून १७९२ च्या सुमारास होड्यांना वाट होईपर्यंत नदीनेंहि तिकडे जातां येत नव्हतें. १८९६ सालीं बाई निवर्तल्या.

फॉरेस्टरच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनीं याच मळ्यावर त्याच्या विचाराचें चीज झालें. फेरैरा पेढीचा मद्यतज्ज्ञ फेर्नांदु निकोलाव द आल्मेइदा हा फ्रान्समधील बोर्दोची पद्धत पाहून आला होता. ब्रँडीवांचून उत्तम मद्य करावयाचें तर आंबण्याची क्रिया थंडाव्यांत व्हावयास हवी. आणि व्हाले मेआंवला ऊन प्रखर, वीज मुळींच नाहीं. तेव्हां त्यानें समुद्राकांठाहून भुशांत गुंडाळलेला बर्फ मोटारींतून आणविला. १९५२ च्या हंगामांत 'बार्का व्हेल्या', म्हणजे 'जुनी होडी', या नांवाचें पहिलें मद्य तयार झालें. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जेमतेम वीस हंगामांनाच तें नांव मिळालें आहे. कसास न उतरलेलें मद्य दुसऱ्या नांवानें विकतात. १९९९ पासून व्हाले मेआंवचा मळाहि आपल्या स्वतःच्या नांवानें तांबडें मद्य काढूं लागला. आणि २००१ सालीं युनेस्कोनें या पायऱ्यांच्या मुलुखाला जागतिक वारशाचा मान दिला.

पोंबालच्या खांबांनीं दोरूचें नांव भेसळीपासून वांचविलें, हें निःसंशय. पण त्या नांवाखालीं काय निर्माण व्हावें हें पुढें दूरदेशींच्या गिऱ्हाइकाच्या जिभेनें ठरविलें. तें पुन्हा आपल्या हातीं घ्यावयास दोरूला दोनशें वर्षें लागलीं.