डब्यातली जुनी गोटी खरंच ‘लाखाची’ आहे का? काचेच्या आणि मातीच्या गोट्या अशा ओळखा

‘तुमच्याकडे अशी गोटी असेल तर तुम्ही लखपती’ असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब असो की पुण्यातला जुना वाडा, घराची साफसफाई निघाली की एखाद्या डब्यात मूठभर गोट्या, म्हणजे आपले कंचे, हमखास सापडतात. मग प्रश्न पडतो, हे विकले तर किती मिळतील?

खरं उत्तर आधीच सांगतो. यातल्या बहुतेक गोट्या कारखान्यात बनलेल्या असतात आणि त्यांची किंमत फार नसते. पण काही मोजक्या गोट्या संग्राहकांच्या कामाच्या असू शकतात. त्या ओळखायला उजेड आणि मोबाईलचा कॅमेरा पुरतो.

आधी दोन्ही टोकं बघा

गोटी उजेडात धरून सावकाश फिरवा आणि कॅमेरा झूम करा. एकमेकांसमोरच्या दोन टोकांवर खडबडीत, तुटल्यासारखी खूण दिसते का?

जर्मनीतल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथे १८४०च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री तयार झाली. कारागीर रंगीत धागे असलेली गरम काचेची कांडी पिळायचे आणि त्या कात्रीने एकेक गोटी कापायचे. कापलेल्या जागी खूण राहायची. तिला संग्राहक ‘पॉन्टिल’ म्हणतात. अशा गोटीतले रंगीत धागे बहुतेकदा एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पिळत गेलेले दिसतात.

खूण नसेल आणि गोटी एकसारखी गोल असेल, तर ती बहुधा यंत्रावरची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्टेन्सन यांनी काचेच्या गोट्यांचं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट १९०५चं आहे.

आत बुडबुडे आहेत म्हणून गोटी जुनी, असं मात्र समजू नका. नव्या गोट्यांतही बुडबुडे असतात.

आत रंगीत पाकळ्या दिसतात?

पारदर्शक काच आणि मधोमध मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पट्टी, हा आपला नेहमीचा कंचा. इंग्रजीत त्याला ‘कॅट्स आय’ म्हणतात. १९५०च्या दशकात जपानी कारखान्यांनी हा प्रकार जगभर पोहोचवला. तो आजही सर्रास मिळतो. आठवण म्हणून जपा, पण मोठ्या किमतीची आशा ठेवू नका.

साधी, हिरवट, नक्षी नसलेली?

ही गोटी सोड्याच्या बाटलीतली असू शकते. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७०च्या दशकात या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट चिकटते आणि तेच बूच होतं. हिरवट झाक वाळूतल्या लोहामुळे येते, तो वयाचा पुरावा नाही. संग्राहकांना बहुतेकदा अख्खी जुनी बाटली हवी असते, नुसती गोटी नाही.

मातीची असेल तर?

मातीची गोटी मंद दिसते, हाताने वळलेली असेल तर थोडी वाकडी असते. अ‍ॅक्रनमध्येच सॅम्युएल डाइक यांनी १८८४च्या सुमारास मातीच्या गोट्यांचं मोठं उत्पादन सुरू केलं. त्या इतक्या बनल्या की जुन्या असूनही साध्या मातीच्या गोट्या स्वस्तच राहिल्या. चकाकी दिलेल्या निळ्या किंवा तपकिरी गोट्यांवर छोटे गोल डाग दिसतात. भट्टीत त्या एकमेकींना टेकल्याची ती खूण असते.

आरपार भोक असेल तर ती गोटी नसून मणी असू शकतो. आपल्या विदर्भात नागपूरजवळचं माहुरझरी प्राचीन मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. शेतात किंवा पांढरीच्या टेकाडावर अशी वस्तू दिसली तर उकरू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. १०० वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही.

किंमत कशावर ठरते?

प्रकार, आकार, रंग आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अवस्था. गलीत खेळलेल्या गोटीवर टोले बसून चंद्रकोरीसारखे चरे पडतात, त्याने किंमत उतरते. चकाकी यावी म्हणून घासू नका, पॉलिश केलेली गोटी संग्राहक लगेच ओळखतात. काचेची गोटी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. मातीची फक्त मऊ ब्रशने झाडा.

पैसे मागितले की थांबा

खरा धोका इथे आहे. ‘गोटी ५ लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा’ असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका. जुनी नाणी आणि नोटांच्या नावाने हीच पद्धत चालते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. ओटीपी किंवा बँकेचे तपशील देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि गोटीला दोन्ही टोकांवर खूण दिसली तर? घाई करू नका. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि एकापेक्षा जास्त जाणकारांना दाखवा. तोवर गोटी डब्यातच राहू द्या. फक्त ती कुणाची होती, तेवढं आजोबांना विचारून लिहून ठेवा.