ट्रॉनहाइमचे मणी

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे तिचं.

"मावशी, झोपली नाहीस ना? अगं, तीन दिवस झाले, माझे बीड्स काही पकडतच नाहीयेत. अँटीबॉडी नवी आहे, मॅग्नेट नवा आहे, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय."

"बफर कुठला घेतलास?"

"बोरेट संपलं होतं गं, म्हणून ट्रिस घेतलं. पण पीएच अगदी बरोबर आणला होता."

मला हसू आलं आणि ती रागावली. पण माझ्या हसण्यात तिच्यापेक्षा माझाच वाटा जास्त होता. वीसेक वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. तेसुद्धा थोड्याथोडक्यावर नाही, नॉर्वेहून मागवलेल्या अख्ख्या बाटलीवर. (लॅब कुठली ते सांगत नाही. सर पुढचे दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले एवढं सांगते.)

घरातल्या मंडळींनी मला कितीदा तरी विचारलंय, "तू त्या लॅबमध्ये नक्की काय करायचीस?" आज सांगतेच.

ते मणी म्हणजे प्लास्टिकचे गोळे. जाडी साधारण तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या रुंदीत वीस-पंचवीस सहज मावतील. आत लोखंडाचा ऑक्साइड भरलेला, म्हणून रंग गंजासारखा तपकिरी. नळीला बाहेरून चुंबक लावला की मिनिटभरात सगळे त्या बाजूला जाऊन बसतात, वर स्वच्छ पाणी. चुंबक काढला की पुन्हा मोकळे, एकमेकांना न चिकटता. आतले लोखंडाचे कण इतके बारीक असतात की चुंबक दूर झाल्यावर त्यांच्यात चुंबकपणा शिल्लकच राहत नाही.

पण नुसता असा मणी काही कामाचा नाही. कुणाला पकडायचं हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरतं त्याच्या वरच्या पातळ थरावर, आणि आमची सगळी मारामारी त्या थराशी.

प्लास्टिकवर अँटीबॉडी नुसती ओतली तरी चिकटते, पण सैल. धुताना काही सुटते, काही जागा बदलते. पक्की बसवायची तर रासायनिक बंध हवा. त्यासाठी मण्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांच्यावर टोसिल क्लोराइडची प्रक्रिया केलेली असते. टोसिल म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. जागा धरून ठेवतो, आणि खरा प्रवासी आला की निमूट उचलला जातो. खरा प्रवासी म्हणजे अँटीबॉडीवरचा अमाइन गट. तो येतो, टोसिल बाजूला होतो, अमाइन कायमचा बसतो. सदतीस अंशांवर रात्रभर ठेवायचं, बस.

आता ट्रिसमध्येही अमाइन असतो! आणि अँटीबॉडीच्या एका रेणूमागे ट्रिसचे हजारो. अख्खं वऱ्हाड गाडीत चढल्यावर काय होणार? सगळ्या सीट भरल्या, अँटीबॉडी उभीच. गंमत म्हणजे ट्रिस या कृतीत असतंच, पण शेवटी, उरलेल्या जागा भरून टाकायला. आमची दोघींची चूक म्हणजे शेवटच्या पाहुण्याला पहिल्या पंगतीला बसवलं.

असो. भाचीला हे समजावून सांगितलं तर म्हणते, "पण हे सुचलं कुणाला?" त्याचं उत्तर फोनवर पुरं झालं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

चुंबकाने पेशी वेगळ्या करायची कल्पना आधीपासून होती. मोल्डे, येन आणि रेम्बाउम या तिघांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये चुंबकी सूक्ष्मगोलांनी पेशी ओळखण्या-वेगळ्या करण्यावर निबंध छापला होता. अडचण मण्यांचीच होती, कारण ते एकसारखे होत नसत. एक लहान, एक मोठा, एकात लोखंड जास्त, एकात कमी. एक चुंबकाकडे धावतो, दुसरा रेंगाळतो.

मायक्रॉनपेक्षा लहान मणी एकसारखे करणं जमत होतं. त्याहून मोठे करायला गेलं की ते वाढता वाढता तळाशी बसत किंवा वर तरंगत, आणि ढवळलं की गोळा होत. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या जॉन व्हँडरहॉफ यांनी त्यावर उपाय शोधला की जिथे वर-खाली हा प्रकारच नाही तिथे मणी करायचे. म्हणजे अंतराळात! मार्च १९८२मध्ये कोलंबिया यानातून त्यांची यंत्रणा गेली. तिथल्या पुढच्या फेऱ्यांमधले दहा मायक्रॉनचे मणी १९८५पासून अमेरिकेच्या मानक संस्थेने मोजमापासाठी विकायला काढले. अंतराळात तयार होऊन पृथ्वीवर विकली गेलेली ती पहिली वस्तू.

नॉर्वेत ट्रॉनहाइम नावाचं गाव आहे. तिथल्या तंत्रविद्यापीठात जॉन उगेलस्टाड (१९२१-१९९७) नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६च्या सुमारास हेच काम जमिनीवर, साध्या काचेच्या भांड्यात करून दाखवलं. ही गोष्ट सांगताना लोक क्रम उलटा करतात, म्हणजे आधी नासा थकली आणि मग उगेलस्टाड जिंकले. तसं नाही. यान उडालं तेव्हा ट्रॉनहाइमचे मणी पाच-सहा वर्षांचे झाले होते. मला तर गोष्ट अशीच जास्त आवडते.

युक्ती काय होती? साबुदाणा भिजवतो तसंच काहीसं. आधी लहान, पण अगदी एकसारखे कण घ्यायचे आणि ते फुगवायचे. साधा कण मात्र फार पीत नाही, आपल्या आकारमानाच्या दोन-चारपट मोनोमर प्यायला की थांबतो. उगेलस्टाड यांनी आधी त्या कणांत पाण्यात अजिबात न विरघळणारा, लहान रेणूंचा पदार्थ शिरवला. त्याला बाहेर पडता येत नाही, आणि त्याच्या ओढीने कण मोनोमर पितच राहतो, आपल्या शंभर ते हजारपट. सगळे सारखेच पितात, सारखेच फुगतात. मग ते घट्ट करायचे. आणखी पुढे जाऊन त्यांनी मणी सच्छिद्र केले, छिद्रांच्या आतच लोखंडाचा ऑक्साइड तयार होऊ दिला आणि वरून छिद्रं बुजवली.

आणि इथे गोष्ट लहान मुलांकडे वळते.

न्यूरोब्लास्टोमा हा बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा कॅन्सर. तो पसरलेला असेल तर फार जोरकस औषधं द्यावी लागतात, इतकी की हाडातली मज्जाच मरते. म्हणून मुलाची मज्जा आधीच काढून जपून ठेवायची आणि औषधं झाल्यावर परत द्यायची. पण त्या काढलेल्या मज्जेतच कॅन्सरच्या पेशी असल्या तर? आपणच दुखणं बाटलीत ठेवून परत द्यायचं?

लंडनमध्ये जॉन केम्सहेड आणि सहकाऱ्यांनी मज्जेत आधी कॅन्सरपेशींना चिकटणाऱ्या उंदराच्या अँटीबॉडी मिसळल्या. मग उंदराच्या अँटीबॉडीला पकडणारी दुसरी अँटीबॉडी बसवलेले उगेलस्टाड यांचे मणी टाकले आणि सगळं चुंबकांवरून वाहू दिलं. मणी आणि त्यांना चिकटलेल्या पेशी मागे राहिल्या, स्वच्छ मज्जा पुढे गेली. १९८४च्या 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला. लेखकांत उगेलस्टाड आहेत आणि तो १९७७चा रेम्बाउमही आहे. दोन वर्षांनी, १९८६मध्ये, हे मणी विकण्यासाठी नॉर्वेत डायनल कंपनी निघाली.

मणी एकसारखे का हवेत, अँटीबॉडी पक्की का हवी, हे मला त्या निबंधामुळे खरं कळलं. रेंगाळणारा मणी चुंबकाला चुकवून मुलाच्या शिरेत जाणार. सैल बसलेली अँटीबॉडी पेशीला हातातून सोडणार. माझ्या हातून वाया गेली ती फक्त बाटली होती.

आम्हाला ही गोष्ट यशाची म्हणून सांगितली गेली होती. मीही नवीन मुलांना तशीच सांगायचे. पण २०१३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निकाल आले. जवळपास पाचशे रुग्ण होते आणि त्यांना मज्जेऐवजी रक्तातून गोळा केलेल्या मूळपेशी परत दिल्या होत्या. निम्म्यांच्या पेशी अशाच चुंबकी मण्यांनी साफ केल्या होत्या, निम्म्यांच्या नाही. फरक पडला नाही! कॅन्सर उलटला तर तो बहुधा शरीरात उरलेल्या पेशींतून, परत दिलेल्यांतून नव्हे. मी तो निबंध दोनदा वाचला. मणी आपलं काम चोख करत होते, काम मात्र चुकीच्या जागी चाललं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, पण मला उगीचच फसल्यासारखं वाटलं.

तोवर मण्यांचा वरचा थर मात्र पुष्कळ बदलला होता. १९८९मध्ये स्वीडनचे माथियास उलेन यांनी चुंबकी मण्यांनी डीएनए वेगळा करण्याबद्दल लिहिलं. अशा कामासाठी मण्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन बसवतात, ते बायोटिनची शेपटी असलेला डीएनए धरतं. १९९५मध्ये बॉस्टनजवळच्या एका गटाने दाखवलं की नुसते कार्बोक्सिल गट असले आणि पाण्यात मीठ व पीईजी असलं की डीएनए त्यावर येऊन बसतो, तिथे कायमचा बंधही लागत नाही. सिलिकाचा थर दिला तर आरएनए. २०२० साली कोविडच्या तपासणीचे किट मिळेनासे झाले तेव्हा सिलिका चढवलेले चुंबकी कण करून देणाऱ्यांत ट्रॉनहाइमचंच विद्यापीठ होतं, उगेलस्टाड यांच्या संस्थेचं आजचं रूप.

शिवाय कार्ल जून आणि ब्रूस लीव्हाइन यांनी त्याच घराण्यातल्या मण्यांवर वेगळ्याच दोन अँटीबॉडी बसवल्या. या कॅन्सरपेशी पकडत नाहीत, टी-पेशींना जाग्या करतात आणि वाढवतात. मग चुंबकाने मणी काढून घ्यायचे आणि त्या पेशी, जनुक बदलून, रुग्णाला द्यायच्या. २०१२मध्ये सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला अशा पेशी दिल्या गेल्या. तिचा ल्युकेमिया गेला. २०१७च्या ऑगस्टमध्ये त्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. उगेलस्टाड १९९७मध्येच गेले होते. त्यांना यातलं काहीच दिसलं नाही, ना ती चाचणी, ना एमिली.

भाचीचा गेल्या आठवड्यात मेसेज आला, "मावशी, पकडले!!" खाली फोटो, नळीच्या भिंतीवर तपकिरी रेघ. मग लगेच दुसरा, "त्या जुन्या ट्रिसवाल्या बाटलीचं काय करू? परत धुऊन वापरता येईल?"

टाकून दे म्हटलं. त्या जागा भरल्या.